वरचे साहेब आणि जड वारा

मित्रांनो, उथळ खाडीच्या काठावर निळ्या पत्र्याचं एक लांबट घर आहे. तिकडे कधी आलात तर फाटकाच्या खांबाकडे बघा. एका उभ्या दांड्यावर तीन काळ्या वाट्या गरगर फिरताना दिसतील. त्यातल्या एका वाटीचा काठ तुटलेला आहे. तो मी. मला वारामापक म्हणतात. वर्षं मोजली तर माझं वय फार नाही; पण समुद्राकाठी लोखंडाचं वय वेगळ्याच हिशेबानं वाढतं. मी दमलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे गोष्ट मध्येच रेंगाळली तर तुम्ही रागावणार नाही.

माझं काम तसं सोपं. वाटीच्या पोकळ बाजूला वाऱ्याचा रेटा जास्त बसतो, गोल पाठीला कमी बसतो. या फरकामुळे मी फिरतो. वारा जोरात असला तर भराभर, मंद असला तर हळूहळू. माझ्या पोटात एक चिमुकलं लोहचुंबक आहे. एक फेरी पूर्ण झाली की ते एका खटक्यासमोरून जातं आणि, मी छपरावर होतो तेव्हा, तारेतून एक टिचकी खाली पोहोचायची. खाली स्वयंपाकघरातली पेटी त्या टिचक्या मोजायची आणि वाऱ्याचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी किती सागरी मैल, तो आकडा दाखवायची. मला स्वतःला आकडे येत नाहीत. मला फक्त फेऱ्या येतात.

आणि हे सगळं कशासाठी? तर एका खेळासाठी. माणसं कमरेला जाड पट्टा बांधतात, पायांत फळी अडकवतात आणि लांब दोऱ्यांवरच्या भल्या मोठ्या पतंगाला स्वतःला पाण्यावरून ओढू देतात. काइटसर्फिंग म्हणतात त्याला. एरवी माणूस पतंग उडवतो, इथे पतंग माणसाला उडवतो. म्हणून पतंग निवडताना फार जपावं लागतं. वारा कमी असेल तर मोठा पतंग, जास्त असेल तर लहान; नऊचा पतंग म्हणजे नऊ चौरस मीटर कापडाचा. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. आकडा चुकला की सगळंच चुकतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात, पांढऱ्या दिव्यांखाली झाला. तिथे एक बाई चिमट्यानं माझ्या बेअरिंगमध्ये छर्रे बसवत होत्या. मोहरीहूनही बारीक छर्रे! एखादा निसटून टेबलाखाली गेला की त्या गुणगुणणं थांबवून गुडघ्यांवर बसायच्या आणि तो शोधूनच काढायच्या. नंतर मला एका बोगद्यात नेलं. बोगद्याच्या टोकाला मोठा पंखा होता. किती वारा सोडला हे त्यांना आधीच माहीत होतं. मी काय सांगतो तेवढं त्यांना बघायचं होतं. त्या दिवशी माझी एकही फेरी चुकली नाही.

मला खोक्यात ठेवताना त्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "यांना एकच गोष्ट बाधते बघ, खारी हवा. वर्षातून एकदा गोड्या पाण्याची आंघोळ आणि दोन वर्षांनी नवे छर्रे. एवढं केलं की ही पोरं म्हातारी होत नाहीत."

त्यांचं बोलणं ऐकायला तिथे शेजारीण होती आणि आम्ही होतो. खाडीकाठचं कुणीच नव्हतं.

निळ्या पत्र्याच्या घरात तेव्हा तिघं राहत. वहिनी, त्यांचा नवरा आणि नवऱ्याची मोठी बहीण. वहिनी हा खेळ शिकवत. नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, वरच्या खोल्या भाड्यानं देत आणि फोन सांभाळत. वहिनींच्या नवऱ्यानं मला छपरावर चढवलं. पाइप ओळंब्यात आहे की नाही हे त्यानं इतक्या वेळा तपासलं, की वन्सं खालून ओरडल्या, "अरे, यंत्र बसवतोयस की नवरदेव बोहल्यावर उभा करतोयस?"

माझं नाव वन्संनीच ठेवलं. फोन वाजायचा, पलीकडचं माणूस विचारायचं, सुट्टीला कधी येऊ? वन्सं म्हणायच्या, "थांबा हं, वरच्या साहेबांना विचारते." तेव्हापासून मी वरचे साहेब.

मी आलो आणि लोक सुट्टी ठरवायला माझं बोट धरू लागले. माझे आकडे तारेतून पेटीत, पेटीतून इंटरनेटवरच्या एका पानावर जात. त्या पानावर बऱ्याच किनाऱ्यांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे महिन्याची एक अशा उभ्या पट्ट्या. जितका वारा, तितकी पट्टी उंच. दूरच्या शहरातलं माणूस घरी बसून पट्ट्या बघायचं आणि कोणत्या महिन्यात कोणत्या समुद्रावर जायचं ते ठरवायचं. उन्हाळ्यातल्या माझ्या पट्ट्या छान उंच असत. त्याला कारणही साधं होतं. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार हवा धावत येते. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, की वारा हजर. एखाद्या वेळेच्या पक्क्या पाहुण्यासारखा.

तरी फोनवर लोकांची घासाघीस चालायचीच. एकदा वन्सं फोन ठेवून वहिनींना म्हणाल्या, "नवऱ्याला वारा हवा, बायकोला सावली, मुलांना लाटा हव्यात आणि सासूबाईंना लाटा नकोत. हे सगळं एका आठवड्यात बसवायचं तर समुद्रालाच रजेवर पाठवावं लागेल."

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. मुलं वाळूत उभी राहून माझ्याकडे बोट दाखवायची. पाण्यात उतरण्याआधी मोठी माणसं स्वयंपाकघरात डोकावून विचारायची, "साहेब काय म्हणतात?" साहेब म्हणायचे वीस, तर वीसच असायचे.

मग वहिनींच्या नवऱ्याला जहाजावर नोकरी लागली. तो सहा-सहा महिने घरी नसे आणि आला की झोपा काढी. वहिनी दिवसभर पाण्यात. वन्संना उंचीची भीती. त्या खुर्चीवर चढून दिवासुद्धा बदलत नसत. शिडी मागच्या भिंतीला आडवी टांगलेली होती. तिच्यावर पाहुण्यांचे टॉवेल वाळू लागले. तिचं दुसरं काही काम असतं हे हळूहळू सगळे विसरले.

मित्रांनो, एक गोष्ट सांगतो, तक्रार म्हणून नाही. त्या घरात खाऱ्या पाण्याची धास्ती सगळ्यांना होती. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याचा पाइप सुटायचा. पतंग धुवायचे, फळ्या धुवायच्या, कमरपट्ट्यांच्या कड्यासुद्धा दात घासायच्या ब्रशनं घासायच्या. वन्सं आपली सायकल धुवायच्या आणि म्हणायच्या, "मीठ बसलं की गंज चढलाच." वर बसून मी ते ऐकायचो. पाइपाचं पाणी छपराच्या कडेपर्यंत उडायचं. माझ्यापर्यंत कधी आलं नाही.

पहिल्यांदा नुसती खरखर जाणवली. मग एका छर्‍यावर तांबूस ठिपका उमटला, त्याच्या शेजारच्यावर दुसरा. फेरी सुरू करायला जोर लागू लागला. वारा मला ढकलायचा, मी मनानं निघायचो, पण कंबर साथ देत नसे. पूर्वी ज्या वाऱ्यात माझ्या वीस फेऱ्या व्हायच्या त्यात पंधरा होऊ लागल्या, मग बारा. पेटी बिचारी प्रामाणिक. ती तेवढ्याच मोजायची.

खाली काय झालं ऐका. वहिनी एका दुपारी पाण्यातून बाहेर आल्या, हात चोळत पायरीवर बसल्या.

"वन्सं, साहेब काय म्हणतात?"

"चौदा."

"चौदा? माझे हात खांद्यातून निघायची वेळ आली! नऊचा पतंग होता, तोही जास्त झाला."

"मग साहेब थापा मारतात की काय?"

"छे हो. साहेब कशाला थापा मारतील? इथली हवा दमट आहे. दमट म्हणजे जड. जड वारा कमी वेगातसुद्धा जास्त ओढतो."

झालं. तेव्हापासून आमच्या किनाऱ्याचा वारा जड ठरला. ओलं कापड जड लागतं, ओली वाळू जड लागते, मग ओला वारा जड का नसावा? कुणालाच शंका आली नाही. वहिनी शिकाऊ मंडळींना पहिल्याच दिवशी सांगू लागल्या, "आकड्याप्रमाणे जो पतंग घ्याल त्याच्याहून एक माप लहान घ्या. इथला वारा जड आहे." येणारे जाणारे मान डोलवायचे. काही जण दुसऱ्या किनाऱ्यांवर जाऊन जड वाऱ्याच्या गोष्टी सांगायचे.

मी वरून ऐकत होतो आणि माझ्या तीन वाट्यांतून एवढंच निघत होतं, टिक. बऱ्याच वेळानं पुन्हा टिक.

पानावरच्या पट्ट्या मात्र जड-हलकं काही जाणत नाहीत. त्या फक्त बुटक्या होत गेल्या. शहरातली माणसं घरी बसून बघत, आमच्या नावापुढची बुटकी पट्टी बघून बोट पुढे सरकवत आणि दुसरा समुद्र निवडत. वरच्या खोल्यांच्या खिडक्या उन्हाळ्यातही बंद राहू लागल्या. फोन वाजेनासा झाला. जे नेहमी येत, ते नव्या वर्षाच्या शुभेच्छा तेवढ्या पाठवत.

"वारा निघून चाललाय, वन्सं," एका संध्याकाळी वहिनी म्हणाल्या. "दर वर्षी थोडा थोडा. आकडे समोर आहेत."

"माणसं जातात, वहिनी. वारा कुठे जाईल? त्याला काय बदलीची ऑर्डर येते?"

"थट्टा नको. वारा नसेल तर मी शिकवू काय? चालायला?"

वन्सं उठून खिडकीशी गेल्या. त्यांचा जन्म त्या घरातला. पोहणं त्या याच खाडीत शिकल्या होत्या.

डोंगरापलीकडे एक आखात आहे. तिथल्या पट्ट्या ताडासारख्या उंच. तिथे शाळा चालवणारे गृहस्थ, आम्ही त्यांना आखातवाले म्हणू, अधूनमधून फोन करत. तुमचा वारा सरला, आता इकडे या. वहिनींनी शिकवावं, वन्संनी खोल्या बघाव्यात. हंगाम संपायच्या आत काय ते कळवा. शेवटी वहिनींनी ठरवलं की एकदा जाऊन जागा बघून यायची. पसंत पडली तर हे घर बंद करायचं. वन्संनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्या दिवसभर वरच्या रिकाम्या खोल्या झाडत बसल्या.

वहिनी जायच्या आदल्या दिवशी शहरातल्या दोन बहिणी सुट्टीला आल्या. त्या हंगामातले जवळजवळ एकटेच पाहुणे. थोरली सरकारी खात्यात होती. बाजारातले वजनकाटे तपासणं हे तिचं काम. ती गल्लीत शिरली की दुकानदार तराजूची पारडी पुसायला लागत म्हणे. वन्संनी चहा ओतता ओतताच तिचं नाव ठेवलं, काटेवाल्या ताई. धाकटी या खेळात मुरलेली होती. थोरलीनं आजवर पतंगाची दोरी हातात धरली नव्हती.

"आठवडाभर भांडलो आम्ही," धाकटी पायरीवर बसून वन्संना सांगत होती. "तीन किनारे निवडून ठेवले होते. बाकी दोन्हीकडे पट्ट्या कशा उंच! आणि ताईनं बोट ठेवलं ते नेमकं बुटकीवर."

"मला बुटकीच हवी होती," थोरली म्हणाली. "तू उड आभाळात. मला गुडघाभर पाण्यात जरा उभं राहायचंय आणि सगळे हात-पाय घेऊन घरी जायचंय. वर्षात हीच काय ती सुट्टी. सौम्य वारा बघूनच आले मी."

"सौम्य आहे खरा," वन्सं म्हणाल्या. "पण जड आहे हो."

काटेवाल्या ताईंनी वर बघितलं, पण तेवढ्यात बिस्किटांची बशी पुढे आली आणि विषय राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बसनं आखाताकडे गेल्या. दुपारी ठरल्याप्रमाणे वारा आला. आदले दोन-तीन दिवस लाटांचे तुषार छपरावर उडाले होते. ते वाळून माझ्या गळ्याशी मिठाचा थर बसला होता. मी जेमतेम हलत होतो.

वन्संनी स्वयंपाकघरात पेटीकडे पाहिलं. आठ. आठाला चौदाचा पतंग लागतो. आपला वारा जड, म्हणून एक माप लहान, बाराचा. त्यांनी नियम अगदी नीट पाळला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा पदर डोक्यावरून उडाला, कानात वारा घुमला. त्या क्षणभर थांबल्या, परत आत गेल्या, पुन्हा पेटी बघितली. आठ. मग त्यांनी बाराचा पतंग काढून दिला. धाकटी हट्टानं ताईंना पहिला धडा वाळूवरच देणार होती. गंमत म्हणून.

मी वरून सगळं बघत होतो. वन्संनी पतंग सोडला. तो वर चढला, एकदा थरथरला आणि काटेवाल्या ताईंना त्यानं पाऊल टाकायलाही वेळ दिला नाही. त्या पोटावर पडल्या आणि वाळूवरून फरफटत निघाल्या, थेट किनाऱ्यावरच्या बांधाच्या दगडांकडे.

"ताई, लाल खटका!" धाकटी मागे धावत किंचाळली. "दांडी सोड! लाल! लाल ओढ!"

बांध अगदी जवळ आला तेव्हा त्यांच्या हाताला पतंगाची ओढ तोडणारा लाल खटका सापडला. पतंग झटक्यात मलूल होऊन पाण्यात पडला. त्या मात्र घसरत जाऊन दगडाला खांद्यानं आपटल्या.

हाड मोडलं नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला, सोललेल्या हनुवटीला मलम लावलं आणि सुट्टीभर पाण्याकडे नुसतं बघायला सांगितलं.

वहिनी संध्याकाळी परतल्या तेव्हा वन्संचे डोळे सुजलेले होते. सगळं ऐकून वहिनी ताईंजवळ पायरीवर बसल्या. "चूक आमची आहे. वन्संनी नियम पाळला, पण आजचा वारा फारच जड असणार. एकाऐवजी दोन मापं कमी करायला हवी होती."

"काल यांनीही जड म्हटलं," ताई म्हणाल्या. "जड म्हणजे काय?"

"दमट आहे ना. दमट हवा जड असते."

"नसते हो. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. दमट हवा उलट किंचित हलकीच भरेल. हे माझं रोजचं काम आहे, वजनाच्या बाबतीत मला फसवू नका."

"मग ओढते कशी?"

मागच्या शिडीवर टॉवेल ताठ आडवे झाले होते, चिमटे तडतडत होते. ताईंनी टॉवेलांकडे बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझी कुठली वाटी पुढे आली आणि कुठली मागे गेली, हे खालूनसुद्धा स्पष्ट दिसत होतं, इतका मी सावकाश फिरत होतो.

"तुमचा काटा शेवटचा कधी तपासलात?"

"कुठला काटा?"

त्यांनी चांगला हात वर केला. "तो."

"साहेब?" वन्सं म्हणाल्या. "त्यांना काय तपासायचं? फिरतायत की ते!"

"माझ्या बाजारातला प्रत्येक काटा हलतो, बाई. हलणारा काटा खरं सांगतोच असं नाही."

शिडीवरचे टॉवेल काढले गेले. त्या शिडीला कितीतरी वर्षांनी भिंत सोडून आभाळ दिसलं. धाकटी वर आली. तिनं एका वाटीला बोटानं टिचकी मारली. धडधाकट असतो तर मी एवढ्यानं कितीतरी वेळ फिरलो असतो. मी अर्धी फेरी गेलो, कुरकुरलो आणि थांबलो.

"ताई, हा दुखण्यात आहे," ती वरून ओरडली. "आत सगळा गंज आहे! मीठ तर बोटानं निघतंय."

काटेवाल्या ताईंना हसू फुटलं. हसताना खांदा दुखला तशा त्या 'आई गं' म्हणाल्या आणि तरी हसत राहिल्या. "वाण्याच्या काट्यावर शिक्का नसला तर मी पावशेर डाळ घेत नाही. आणि स्वतःची वर्षाची सुट्टी न तपासलेल्या काट्यावर तोलून आले!"

वन्संना हसू येत नव्हतं. "म्हणजे वारा... इथेच होता?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. वारा थकला, असं त्या इतकी वर्षं म्हणत होत्या. थकलो होतो मी. त्यांचे हात दर उन्हाळ्यात खरं सांगत आले होते, आणि दर उन्हाळ्यात त्यांनी हातांना गप्प बसवून माझं ऐकलं होतं.

"वन्सं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी आज आखातवाल्यांना हो म्हणून आले."

वन्सं उठल्या आणि आत गेल्या. भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं त्या दारात आल्या. "हो म्हणायच्या आधी मला एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"रडले असते."

"म्हणूनच नाही केला."

काटेवाल्या ताईंनी मात्र घाई करू दिली नाही. मी आजारी आहे म्हणजे वारा धडधाकट आहेच, असं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवीन काटा आणा, शेजारी लावा, मग बोला. नवा वारामापक त्याच्या पेटीसकट मागवला. तो त्यांच्या सुट्टीच्या शेवटी शेवटी आला. धाकटीनं त्याला माझ्याच पाइपावर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसवलं. एका दुपारी ताई गळ्यात हात अडकवून अंगणात उभ्या राहिल्या आणि वन्सं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन्ही पेट्या वाचू लागल्या.

"नवे साहेब एकवीस! जुने साहेब... नऊ."

"पुन्हा."

"नवे बावीस. जुने नऊच."

वारा एकच होता. आमच्यात फक्त हातभर अंतर होतं. मला लाज वाटली नाही, मित्रांनो. वर्षानुवर्षं अंग दुखत असावं, घरच्यांनी 'हा असाच आहे' म्हणावं, आणि एके दिवशी डॉक्टरांनी नाडी धरून म्हणावं की दुखतंय खरं. तसं वाटलं.

त्याच दुपारी वहिनी सातचा, घरातला सगळ्यात लहान पतंग घेऊन पाण्यात गेल्या. खाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या अशा गेल्या, की वन्सं खिडकी सोडून बाहेर धावल्या. ओल्या अंगानं परत येऊन वहिनींनी फोन उचलला. आखातवाले रागावले असावेत. त्यांचा आवाज पायरीपर्यंत ऐकू येत होता.

"एका यंत्रानं सांगितलं म्हणून हो म्हणालात. आता दुसऱ्यानं सांगितलं म्हणून नाही म्हणताय!"

"यंत्रानं नाही सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "आत्ता पाण्यातून बाहेर आले. दोन्ही हात सांगतायत. शब्द मोडला, माफ करा." मग म्हणाल्या, "तुमचं यंत्र कधी धुतलंत हो?"

पलीकडून "बघतो," एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

वहिनी-वन्सं राहिल्या. पण यानं सगळं पूर्वीसारखं झालं, असं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही. वन्संनी त्या पानावर लिहवून घेतलं, 'मधल्या वर्षांचे आमचे आकडे यंत्राच्या आजारपणातले आहेत.' नव्या पट्ट्या उंच उगवू लागल्या. काही जुनी माणसं परत आली. पुष्कळशी आली नाहीत. त्यांनी मधल्या वर्षांत दुसरे समुद्र निवडले होते, तिथे त्यांच्या ओळखी झाल्या होत्या, मुलं तिथलीच झाली होती. वरच्या दोन खिडक्या अजून बंदच असतात.

काटेवाल्या ताई दुसऱ्या वर्षी आल्या, वारा सर्वांत कमी असतो त्या महिन्यात. या वेळी पट्टी बुटकीच होती आणि खरी होती. त्या गुडघाभर पाण्यात हसत उभ्या राहिल्या आणि सगळे हात-पाय घेऊन घरी गेल्या.

मला वहिनींनी खाली उतरवलं. टबातल्या गोड्या पाण्यात बुडवलं. जन्मल्यापासूनची ती माझी पहिली आंघोळ. त्यांनी गंजलेले छर्रे काढले, नवे बसवले. पण गंजलेला स्क्रू सोडवताना माझ्या एका वाटीचा काठ उडाला. तोल गेलेल्या वाट्यांवर आकडा तोलता येत नाही, हे आता त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून माझी तार कापली आणि मला फाटकाच्या खांबावर बसवलं. मुलं जाता-येता मला फिरवतात. मी फिरतो. टिचकी कुठेच जात नाही. खरं सांगू, एवढ्या वर्षांनी त्याची विश्रांतीच वाटते.

दर हंगामाच्या सुरुवातीला मात्र एक गोष्ट घडते आणि ती मी इथून बघतो. वन्सं पदर खोचतात, देवाचं नाव घेतात आणि शिडी चढतात. होय, वन्सं! वहिनी दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या असतात आणि वन्सं डोळे अर्धे मिटून, एकेक पायरी चाचपत, गोड्या पाण्याची बाटली घेऊन वर पोहोचतात. नव्या साहेबांना आंघोळ घालतात. बोटानं हलकी टिचकी मारतात आणि फेऱ्या थांबेपर्यंत कान लावून ऐकतात.

"काय म्हणतात साहेब?" वहिनी खालून विचारतात.

"थांब गं! आधी ते बरे आहेत का विचारू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत कुणीतरी असेल, ज्याच्या सांगण्यावर सगळे विसंबून असतात. भिंतीवरचं घड्याळ असेल, दुकानातला काटा असेल, नाहीतर रोज सगळ्यांच्या आधी उठणारं एखादं माणूस असेल. ते फिरतंय, म्हणजे ठीक आहे, असं धरून चालू नका. वर्षातून एकदा तरी शिडी लावा, जवळ जा, कान देऊन ऐका. त्याच्या फेऱ्या कमी झाल्या, तर वारा पडला असं म्हणायच्या आधी त्याला हात लावून बघा. कदाचित वारा भरपूर असेल आणि त्याला फक्त तांब्याभर गोडं पाणी हवं असेल.